विश्लेषण : बँकेतली ठेव, विम्याची पॉलिसी आणि चिंतामणराव देशमुखांचे कायदे

बँक अडचणीत आली की रिझर्व्ह बँक तिच्यावर निर्बंध घालते. आयुर्विमा महामंडळाच्या पॉलिसीमागे सरकारची हमी असते. कंपनीच्या संचालकांना किती मानधन घेता येईल, यालाही कायद्याची मर्यादा आहे. आज गृहीत धरल्या जाणाऱ्या या गोष्टींची मुळे १९४९ ते १९५६ या सात वर्षांत आहेत. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव द्वारकानाथ देशमुख या काळात निर्णयाच्या जागी होते.

नाते ते रिझर्व्ह बँक

देशमुखांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी रायगड किल्ल्याजवळच्या नाते या गावी झाला. घराणे रोह्याचे, वडील वकील. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ते मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. केंब्रिजला त्यांनी वनस्पतिशास्त्राचा अभ्यास केला, पण पुढे आयसीएस परीक्षेत अव्वल येऊन ते प्रशासनात शिरले. मध्य प्रांत व वऱ्हाडात दोन दशके काढल्यावर १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले. गव्हर्नर जेम्स टेलर यांच्या निधनानंतर ११ ऑगस्ट १९४३ रोजी त्यांच्या जागी देशमुखांची नेमणूक झाली.

काळ महायुद्धाचा होता. महागाई भडकलेली, बंगालात दुष्काळ पडलेला. १९४४ मध्ये ब्रेटन वूड्स परिषदेत भारताची बाजू मांडणाऱ्यांत ते होते. फाळणीनंतर काही महिने रिझर्व्ह बँकेला भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक म्हणून काम पाहावे लागले. ती जबाबदारी जून १९४८ अखेर संपली.

‘बँक’ ही पाटी कोण लावू शकतो?

त्या काळी थोडक्या भांडवलावर कंपनी नोंदवून लोकांच्या ठेवी गोळा करणे फारसे अवघड नव्हते. असा पैसा संचालकांच्याच धंद्यात जाई आणि धंदा बसला की बँकही बसे. १९३८ मध्ये दक्षिणेत त्रावणकोर नॅशनल अँड क्विलॉन बँक कोसळली, तर फाळणीनंतर बंगालमधल्या अनेक बँकांनी दारे बंद केली. ठेवीदाराच्या हाती उरत असे ते फक्त पासबुक.

बँकांसाठी स्वतंत्र कायद्याचे प्रयत्न देशमुखांच्या आधीच सुरू झाले होते. त्यांच्या कारकीर्दीत मसुदे अनेकदा बदलले आणि १६ मार्च १९४९ पासून बँकिंग कंपन्यांचा कायदा अमलात आला. बँक चालवायची तर रिझर्व्ह बँकेचा परवाना हवा. रिझर्व्ह बँक कधीही दप्तर तपासू शकते. संचालकांना विनातारण कर्ज देता येणार नाही. ठेवी आणि इतर देण्यांच्या २० टक्के एवढी रक्कम रोख, सोने किंवा सरकारी रोख्यांत ठेवावी लागेल. कायद्याचा गाभा हा.

शेवटची अट आज ‘एसएलआर’ या नावाने ओळखली जाते आणि सध्या ती १८ टक्के आहे. ठेवीदाराच्या सुरक्षेसाठी आणलेली ही तरतूद पुढच्या सरकारांना मात्र हुकमी कर्ज मिळवण्यासाठी सोयीची वाटली. १९९० पर्यंत ती ३८.५ टक्क्यांवर गेली. बँकांचा इतका पैसा सरकारी रोख्यांत अडकला की उद्योजक आणि व्यापाऱ्यांना द्यायला कमीच उरला. छोट्या बँकांनाही नव्या नियमांचा भार पेलला नाही. १९५१ मध्ये देशात ५६६ व्यापारी बँका होत्या, १९६९ मध्ये ८९ उरल्या.

सहकारी बँका १९६६ पर्यंत या कायद्याबाहेर होत्या. त्या वर्षी त्या कक्षेत आल्या आणि कायद्याचे नावही बँकिंग नियमन कायदा असे झाले. तरीही त्यांच्यावर राज्याचे सहकार खाते आणि रिझर्व्ह बँक असा दुहेरी अंमल राहिला. पीएमसी बँकेच्या ठेवीदारांना सप्टेंबर २०१९ मध्ये सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढायची मुभा मिळाली, तेव्हा या दुहेरीपणाची किंमत महाराष्ट्राला कळली. रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढवणारी दुरुस्ती २०२० मध्ये झाली.

अर्थमंत्री म्हणून काय बदलले?

१९५० मध्ये जॉन मथाई यांनी राजीनामा दिल्यावर नेहरूंनी देशमुखांना अर्थमंत्री केले. १९५२ ची निवडणूक ते कुलाबा मतदारसंघातून जिंकले. गोरवाला समितीच्या ग्रामीण पतपाहणीचा अहवाल त्यांच्याच काळात आला. धनंजयराव गाडगीळही त्या समितीवर होते. शेतकऱ्याच्या एकूण कर्जात व्यापारी बँकांचा वाटा जेमतेम एक टक्का, सहकारी संस्थांचा सुमारे तीन टक्के आणि सावकारांचा सुमारे ७० टक्के असल्याचे त्यातून दिसले. समितीच्या शिफारशीनुसार १ जुलै १९५५ रोजी इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडण्याचे बंधन तिच्यावर आले. ते पाळलेही गेले. तालुक्याच्या गावी स्टेट बँकेची शाखा दिसू लागली ती या टप्प्यापासून.

दशमान नाण्यांचा कायदाही १९५५ चाच. रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे आणि १९२ पै हा हिशेब जाऊन १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नये पैसे झाले. एका आण्याचे होत सव्वासहा पैसे, मग तो सव्वा कुणाच्या खिशात जाणार यावरून दुकानात वाद होत. ‘सोळा आणे’ अजून बोलण्यात आहे, व्यवहारातून मात्र तो गेला.

कंपनी कायदा १ एप्रिल १९५६ रोजी लागू झाला. त्याचा मुख्य रोख ‘मॅनेजिंग एजन्सी’ पद्धतीवर होता. या पद्धतीत मोजके समभाग हाती असलेली पेढी एकाच वेळी अनेक कंपन्यांचा कारभार करी आणि कमिशन घेई. कंपनीला तोटा झाला की तो भागधारकांच्या माथी. देशमुखांनी ही पद्धत एका फटक्यात मोडली नाही, म्हणून डावे पक्ष नाराज, आणि तिला वेसण घातली म्हणून उद्योगपती. कमिशनवर आणि कंपन्यांच्या संख्येवर मर्यादा आली, आणि १९७० मध्ये पद्धतच संपली. संचालक व व्यवस्थापकांचे एकूण मानधन नफ्याच्या ११ टक्क्यांपर्यंतच, हा तेव्हाचा आकडा २०१३ च्या नव्या कायद्यातही कायम आहे.

विमा रात्रीत सरकारी कसा झाला?

आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण हा देशमुखांचा सर्वात धाडसी निर्णय. आधीच्या दशकात सुमारे २५ विमा कंपन्या बुडाल्या होत्या. रामकृष्ण दालमिया यांच्या भारत इन्शुरन्समधील पैशांच्या गैरवापराचे प्रकरण फिरोझ गांधी यांनी डिसेंबर १९५५ मध्ये लोकसभेत मांडले. आधी चर्चा केली असती तर कंपन्यांनी तिजोऱ्या रिकाम्या केल्या असत्या, म्हणून कमालीची गुप्तता पाळली गेली. १९ जानेवारी १९५६ च्या रात्री देशमुखांनी आकाशवाणीवरून घोषणा केली. वटहुकूम निघाला आणि २४५ विमा कंपन्या व संस्थांचा आयुर्विमा व्यवसाय सरकारकडे आला. १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ सुरू झाले, पण तोवर देशमुख मंत्रिमंडळात उरले नव्हते.

कारण मुंबई. राष्ट्रीयीकरणाच्या तीनच दिवस आधी नेहरूंनी मुंबई केंद्रशासित राहील असे जाहीर केले होते. त्यानंतरच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळ्यांनी माणसे मेली. हा निर्णय ज्या रीतीने झाला ती देशमुखांना मान्य नव्हती आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारणेही पटले नाही. जुलै १९५६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

पुढच्याच वर्षी महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या अडचणीतल्या कंपन्यांत सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतवले. खासगी मालकाच्या हातून काढलेला पैसा सरकारी खुर्चीवरूनही चुकीच्या जागी जाऊ शकतो, हे त्यातून उघड झाले. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी मुंबईत जाहीर सुनावणी घेतली आणि १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना पायउतार व्हावे लागले. पॉलिसीधारकाची रक्कम बुडाली नाही हे खरे, पण सेवा आवडली नाही तर जायला दुसरी कंपनीही नव्हती. खासगी कंपन्यांना दार पुन्हा उघडायला चार दशकांहून अधिक काळ गेला.

नंतरचे देशमुख

१९५६ ते १९६१ ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते, नंतर दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. १९५९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. संस्कृतचा नाद सुटला नाही. कालिदासाच्या मेघदूताचा त्यांनी मराठी अनुवाद केला. १९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक त्यांनी लढवली, त्यात ते तिसरे आले. समाजकार्यात अग्रणी असलेल्या दुर्गाबाईंशी त्यांनी १९५३ मध्ये विवाह केला होता. त्या १९८१ मध्ये गेल्या. देशमुखांचे निधन २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादला झाले.

मे २०२२ मध्ये सरकारने आयुर्विमा महामंडळाचे साडेतीन टक्के समभाग विकले. पॉलिसीधारकांना ते ६० रुपये सवलतीने मिळाले, तरी पहिल्याच दिवशी भाव विक्रीच्या ९४९ रुपयांखाली घसरला. समभागाच्या भावाला कोणतीही हमी नाही. पॉलिसीच्या रकमेची आणि जाहीर झालेल्या बोनसची हमी मात्र १९५६ च्या कायद्याच्या कलम ३७ नुसार अजूनही केंद्र सरकारचीच आहे.