दीनबंधू अँड्र्यूज

रंगाने आणि धर्माने जो आपला, तोच जवळचा वाटावा, हा जगाचा सामान्य क्रम होय. चार्ल्स फ्रिअर अँड्र्यूज यांच्या चरित्रात हा क्रम उलटलेला पाहून आम्हांस प्रथम नवल वाटले.

त्यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८७१ रोजी इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे झाला. केंब्रिज येथील शिक्षणानंतर त्यांनी धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली, आणि १९०४ मध्ये ते दिल्लीच्या सेंट स्टीफन्स महाविद्यालयात अध्यापक म्हणून आले. तेथे सुशीलकुमार रुद्र या बंगाली सहकाऱ्याशी त्यांचा स्नेह जडला. १९०६ मध्ये प्राचार्यपद रिकामे झाले, तेव्हा ते इंग्रजासच मिळावे हा त्या काळचा रिवाज होता; परंतु अँड्र्यूज यांनी रुद्रांचाच आग्रह धरला व त्यांच्या हाताखाली ते आनंदाने राहिले. रुद्र ख्रिस्ती होते. येथे धर्म तरी एक होता. पुढे तोही दुवा उरला नाही.

नामदार गोखले यांच्या विनंतीवरून १९१४ च्या जानेवारीत ते दक्षिण आफ्रिकेत दरबानच्या धक्क्यावर उतरले. गांधी कोठे आहेत, असे विचारताच मजुराच्या शुभ्र वेषातील, मुंडण केलेल्या एका कृश पुरुषाकडे कोणी बोट दाखविले. अँड्र्यूज यांनी वाकून त्यांच्या पायांस हात लावला. एका गोऱ्याने, तोही भर बंदरावर! तेथील गोरा समाज संतापला. त्याच दिवसांत इंग्लंडहून त्यांना मातृनिधनाची वार्ता आली. त्या दुःखात त्यांच्याजवळ होती ती ही भारतीय मंडळीच.

पुढे गांधीजी त्यांना चार्ली म्हणत आणि ते गांधीजींना मोहन. म्हणून त्यांचे प्रत्येक बाबतीत पटे असे मात्र नव्हे. १९१८ मधील सैन्यभरती अँड्र्यूज यांना रुचली नाही. १९२१ मध्ये परदेशी कापडाच्या होळ्या पेटल्या, तेव्हाही त्यांनी आपली नापसंती स्पष्ट कळविली. स्नेह तुटला नाही. आम्हांस वाटते, त्या दोघांचे एकमत एकाच गोष्टीवर होते, पण ती मुळाशी होती : कातडीच्या रंगाने कोणी हीन ठरत नाही.

याच श्रद्धेने १९१५ व १९१७ मध्ये ते फिजी बेटांवर जाऊन गिरमिटिया मजुरांच्या वस्त्यांतून हिंडले. १ जानेवारी १९२० रोजी तेथील मजुरांचे करार रद्द झाले. लोक त्यांना दीनबंधू म्हणू लागले.

१९४० मध्ये ते कलकत्त्यास रुग्णशय्येवर असता गांधीजी त्यांना भेटून गेले. ५ एप्रिल रोजी त्यांचे निधन झाले. अखेरपर्यंत ते निष्ठावंत ख्रिस्तीच होते. तेथील ख्रिस्ती दफनभूमीत त्यांची समाधी आहे.