गॅस गेला कुठे?

गाडीचा एसी गार हवा देईनासा झाला की गॅरेजमधलं पहिलं उत्तर ठरलेलं असतं. गॅस गेला असेल, भरून टाकू! आपण पैसे मोजतो, थोडे दिवस मस्त गारवा मिळतो आणि मग ये रे माझ्या मागल्या.

मित्रांनो, एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळला. मग गळून गेला कुठे? या प्रश्नाचा माग काढत मी ज्या माणसापर्यंत पोहोचले, तो म्हणजे थॉमस मिजली.

मिजलीचा जन्म १८ मे १८८९ रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, बीव्हर फॉल्स या गावी झाला. १९११ साली कॉर्नेल विद्यापीठातून तो मेकॅनिकल इंजिनिअर झाला, म्हणजे आपल्याच बिरादरीतला! १९१६ मध्ये तो ओहायोतल्या डेटन शहरात चार्ल्स केटरिंगच्या प्रयोगशाळेत रुजू झाला.

त्या काळी इंजिनातल्या नॉकिंगने सगळे हैराण होते. खापर फुटत होतं केटरिंगच्या बॅटरी इग्निशनवर. मिजली अंदाजावर गेला नाही. सिलिंडरमधला दाब कसा बदलतो ते त्याने मोजलं. ठिणगी पडून गेल्यानंतर दाब एकदम उसळी मारतो, म्हणजे दोष इग्निशनचा नसून इंधनाचा आहे, हे त्याने दाखवून दिलं. निदान असावं तर असं!

मग औषधाचा शोध सुरू झाला. आयोडीन, ॲनिलिन, घाणेरड्या वासाचं टेल्युरियम असं करत करत ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राइथाइल लेड सापडलं. नॉकिंग थांबलं. पण शिसं हे विष. १९२३ मध्ये खुद्द मिजलीलाच त्याची बाधा झाली आणि हवापालटासाठी फ्लोरिडाला जावं लागलं. १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या कारखान्यात याच द्रव्याने पाच कामगार दगावले. तेव्हा पत्रकारांसमोर त्याने ते हातावर ओतून घेतलं आणि मिनिटभर हुंगून दाखवलं. इथे मला त्याचा खरंच राग येतो. जो स्वतः आजारी पडला होता, त्याला धोका माहीत नव्हता असं कसं म्हणायचं?

१९२८ मध्ये केटरिंगने त्याच्याकडे दुसरं काम सोपवलं. तेव्हाच्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असे गॅस असत. गळती झाली की माणसांच्या जिवावर बेतायचं. म्हणजे मिजलीपुढचा प्रश्न गळतीचाच होता! विषारी नाही, जळणाराही नाही असा गॅस हवा होता. पीरिऑडिक टेबल समोर ठेवून त्याने फ्लोरिनवर बोट ठेवलं आणि सहकाऱ्यांबरोबर डायक्लोरोडायफ्लोरोमीथेन तयार केला. हाच आर-१२, बाजारातलं नाव फ्रिऑन. १९३० मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सभेत त्याने हा गॅस छातीत भरून घेतला आणि फुंकर घालून मेणबत्ती विझवली. विषारी नाही आणि पेटत नाही, दोन्ही एका फुंकरीत सिद्ध!

पुढे हाच गॅस मोटारीत आला. १९३९ मध्ये पॅकार्ड कंपनीने कारखान्यातच एसी बसवलेली गाडी लोकांपुढे आणली. पण गाडी म्हणजे फ्रिज नव्हे. घरच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर मोटरसकट एका सीलबंद डब्यात असतो. गाडीचा कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर चालतो. त्याचा शाफ्ट बाहेर येतो म्हणून सील लागतं, इंजिन थरथरतं म्हणून रबरी होज लागतात, जोडांवर ओ-रिंग असतात. गळतीच्या जागा नेमक्या याच.

म्हणून एसी बिघडला की क्रम असा हवा. कॉम्प्रेसरचा क्लच ओढतोय का आणि कंडेन्सरचा पंखा फिरतोय का, ते आधी बघायचं. मग गेज लावायचे. दोन्ही बाजूंचा दाब कमी असेल तर बहुधा गॅस कमी. खालचा दाब जास्त आणि वरचा कमी असेल तर कॉम्प्रेसर थकलेला. गॅस कमी निघाला, तर जोडांवर तेलाचे डाग शोधायचे, साबणाचं पाणी लावायचं, किंवा डाय सोडून यूव्ही दिव्याने बघायचं. भरायचं सगळ्यात शेवटी.

मिजलीचा शेवट चटका लावणारा आहे. १९४० मध्ये त्याला पोलिओ झाला. अंथरुणातून उठता यावं म्हणून त्याने दोर आणि कप्प्यांची यंत्रणा स्वतःच तयार केली. २ नोव्हेंबर १९४४ रोजी त्याच दोरांत गळा आवळला जाऊन त्याचा मृत्यू झाला. त्या वर्षी तो अमेरिकन केमिकल सोसायटीचा अध्यक्ष होता.

गॅस गेला कुठे याचं उत्तर त्यानंतर तीस वर्षांनी मिळालं. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी दाखवलं की हा गॅस इतका टिकाऊ आहे, की खाली कुठेच न मोडता थेट वर पोहोचतो. तिथे अतिनील किरणांनी त्यातला क्लोरिन सुटतो आणि ओझोन खातो. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं ओझोनचं भगदाड जगाला कळलं आणि १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला. गाड्यांत आर-१२ जाऊन आर-१३४ए आला. तो ओझोनला हात लावत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबाने तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारपटीहून जास्त पृथ्वी तापवतो. शिशाचं पेट्रोल भारतात २००० साली बंद झालं, जगातून हद्दपार व्हायला २०२१ उजाडलं.

मिजलीचे दोन्ही शोध एकाच तराजूत घालू नयेत असं मला वाटतं. शिशाचं विष त्याला ठाऊक होतं. ओझोनचं मात्र त्याच्या हयातीत कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याने खोलीतल्या माणसाला गळतीपासून वाचवलं, खोलीबाहेरचा विचार तेव्हा कुणी केलाच नाही. आपल्याकडे ती सबब उरलेली नाही. उद्या आपल्यातलेच कुणी सर्व्हिस सेंटरमध्ये उभे असतील. तेव्हा गॅस भरण्याआधी गळती शोधण्यात अर्धा तास गेला, तर तो वाया गेला असं समजू नका.