सुमंत मुळगावकर : ड्रायव्हरचं ऐकणारा इंजिनियर

टाटा सुमो या गाडीचं नाव कशावरून पडलं, असं मी आमच्या विंगमध्ये विचारून पाहिलं. बहुतेक जणींनी जपानी पैलवानाचं नाव घेतलं! खरं उत्तर मात्र आपल्या शेजारच्या पिंपरीत आहे. सुमंत या नावातला ‘सु’ आणि मुळगावकर या आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधला ‘मो’, म्हणून सुमो. मित्रांनो, आपण मेकॅनिकलवाले असून हा माणूस आपल्याला माहीत नसावा, हे काही बरं नाही. म्हणून हा लेख.

सुमंत मुळगावकरांचा जन्म ५ मार्च १९०६ चा, मुंबईतला. मेकॅनिकल इंजिनियरिंग त्यांनी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात केलं. परत आल्यावर सुरुवातीची बरीच वर्षं सिमेंटच्या धंद्यात गेली. त्या काळी यंत्र म्हटलं की ते बोटीनेच यायचं. आपण ते इथे बनवू शकतो, हा विचारच तेव्हा धाडसाचा होता. मुळगावकर तो विचार घेऊनच १९४९ साली टेल्कोत आले.

टेल्को म्हणजे आजची टाटा मोटर्स. १९४५ साली निघालेली ही कंपनी तेव्हा जमशेदपूरला रेल्वेची वाफेची इंजिनं बनवायच्या कामात होती. १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीशी पंधरा वर्षांचा करार झाला आणि डिझेल ट्रक बनू लागले. करार संपायच्या आत ट्रकचे बहुतेक भाग इथेच बनले पाहिजेत, असं ठरवून काम चाललं. १९६९ साली करार संपला, ट्रकवरचा परदेशी तारा गेला आणि त्या जागी टाटांचा ‘टी’ आला. पंधरा वर्षांत दुसऱ्याचं शिकून स्वतःच्या पायावर उभं राहायचं, हे काही सोपं नाही.

आता आपल्या भागाकडे येऊ. १९६६ साली टेल्कोने पिंपरीला जमीन घेतली. सगळा खडकाळ माळ! दुसरा कोणी असता तर आधी असेंब्ली लाइन टाकली असती. मुळगावकरांनी आधी काढलं ट्रेनिंग सेंटर, मग टूल रूम आणि मशीन टूल्सचा विभाग. म्हणजे काय, तर गाडीच्या आधी गाडी बनवणारी यंत्रं आणि त्याच्याही आधी ती यंत्रं बनवणारी माणसं. पुण्याच्या कारखान्यातून पहिलं वाहन बाहेर पडलं ते १९७७ साली. अकरा वर्षं थांबायची तयारी ठेवणारा मॅनेजर आज सापडेल का? त्याच माळावर त्यांनी झाडं लावली, तळं केलं. आजही तिथे कारखान्यापेक्षा झाडीच आधी दिसते.

त्यांच्याबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. दुपारी सगळे मोठे साहेब एकत्र जेवायला बसत, पण मुळगावकर गाडी काढून कुठेतरी निघून जात. लोकांना वाटलं, एखाद्या डीलरबरोबर मोठ्या हॉटेलात जात असतील. शेवटी कोणीतरी मागोमाग गेलं, तर साहेब हायवेवरच्या ढाब्यावर ट्रक ड्रायव्हरांच्या मधे बसून जेवत होते. जेवता जेवता गाडीचं काय चांगलं, काय वाईट, ते विचारत होते. मग ते ऐकलेलं डिझाइनवाल्यांपर्यंत पोचवायचे. गोष्ट सांगोवांगीची आहे, त्यामुळे थोडं मीठमसाला लागलं असेल. पण तिच्यातला मुद्दा किती खरा आहे, ते मी यंदा देहूत पाहिलं.

आमच्या मेसची भाजी देहूच्या एका काकांच्या पिकअपमधून येते. गाडी जुनी, डिझेल, मेकॅनिकल पंपाची. सेन्सर नाही की स्कॅनर लावायची सोय नाही. पावसाळा संपला आणि ती अचानक ओढेनाशी झाली. सपाट रस्त्यावर ठीक, पण माल भरून भंडारा डोंगराचा चढ लागला की ॲक्सिलेटर पूर्ण दाबला तरी दुसऱ्या गिअरच्या वर जाईना. एका गॅरेजमध्ये गाडी चालवून न बघताच पंप उतरवायला सांगितलं. पंप कॅलिब्रेशनला गेला की गाडी तितके दिवस उभी. गाडी उभी म्हणजे काकांचा धंदा बंद, आणि वर मोठं बिल!

आमच्या वर्कशॉपच्या सरांनी बॉनेट उघडायच्या आधी काकांना बसवून घेतलं आणि विचारायला सुरुवात केली. धूर कसला येतो? काका म्हणाले, काळा अजिबात नाही. इथेच अर्धं काम झालं. डिझेल भरपूर आणि हवा कमी असेल तर काळा धूर येतो. मग एअर फिल्टर किंवा टर्बोचा होज बघायचा. धूर नाही आणि ताकदही नाही, म्हणजे डिझेलच कमी पोचत असणार. सकाळी चालू कशी होते? एका सेल्फमध्ये. म्हणजे कॉम्प्रेशनवर संशय घ्यायचं कारण नाही. शिवाय कॉम्प्रेशन हळूहळू कमी होत जातं, असं एका दिवसात सहसा जात नाही.

मग काकांनी आपणहून एक गोष्ट सांगितली. चढावर गाडी मेली की ते बंद करून दहा मिनिटं थांबायचे, आणि मग ती थोडा वेळ झकास ओढायची. सर हसलेच. फिल्टर चोंदला असता तर तो थांबल्याने सुटला नसता, आणि काकांनी तो नुकताच बदललाही होता. टाकीतला कचरा मात्र असंच वागतो. लोड आला की डिझेलची ओढ वाढते आणि कचरा सक्शन पाइपच्या तोंडाला चिकटतो. इंजिन बंद केलं की ओढ थांबते आणि तो खाली पडतो. टाकीचा ब्रीदर बंद असेल तरी जवळपास हेच होतं. म्हणून आधी झाकण सैल करून गाडी चालवली. काही फरक नाही. मग स्वच्छ डिझेलचा कॅन नीट बांधून फीड पंपाला त्यातून पाइप दिला, हँड प्रायमरने एअर काढली आणि तोच माल भरून तोच चढ घेतला. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये वर! म्हणजे पंप ठणठणीत. टाकी उतरवली तर तळाशी पाणी, गंज आणि काळा चिकट गाळ. टाकी धुतली, फिल्टर पुन्हा नवा घातला, काम संपलं. पंपाला पानाही लावावा लागला नाही.

गाडीचा आजार कोणत्या यंत्राने सांगितला? कोणत्याच नाही. काकांनी सांगितला, विचारल्यावर!

मुळगावकरांना हेच कळलं होतं, असं मला वाटतं. १९८० च्या दशकात जपानी कंपन्यांच्या सहकार्याने बनलेले हलके ट्रक आपल्याकडे आले. टाटांचं कसं होणार, असं बोललं जात होतं. त्याला उत्तर म्हणून १९८६ साली ४०७ आली आणि टिकली. इथला रस्ता, इथला ओव्हरलोड आणि इथला ड्रायव्हर धरून केलेली गाडी होती ती. १९८८ मध्ये टाटामोबाइल हा पिकअप आला. १ जुलै १९८९ ला मुळगावकर गेले. सुमो आली १९९४ साली, ती त्यांना बघायला मिळाली नाही. तिचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, पण ४०७ अजून चाकणच्या रस्त्यावर रोज दिसते.

सुट्टीत आपल्यातले बरेच जण तळवडे, चाकण, भोसरीला इन-प्लांट ट्रेनिंगला जातील. तिथे मशीन बिघडलं की मॅन्युअल उघडायच्या आधी एकदा ऑपरेटरजवळ जा. कधीपासून, कशावर लोड असताना, काय केल्यावर बरं होतं, एवढं विचारा, आणि त्याचं बोलणं मधे न तोडता ऐका. याला मार्क नाहीत. पण पिंपरीच्या माळावर कारखाना उभा करणाऱ्या माणसाने ढाब्यावर बसून दुसरं काय केलं?