कामगारांचे कैवारी बाबासाहेब

परमपूज्य बाबासाहेबांना आपण घटनेचे शिल्पकार आणि धम्मदीक्षा देणारे बोधिसत्त्व म्हणून वंदन करतो. पण मजुरांसाठी त्यांनी काय केले, हे आपल्या मुलाबाळांना तितकेसे ठाऊक नसते.

शिरोड्याच्या मिठागरात असो की मुंबईच्या गिरणीत, कोकणच्या माणसाने घाम गाळला. पण जात गिरणीतही सुटली नाही. जादा मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. का, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, त्याचा म्हणे विटाळ! १९२८ च्या सुमारास, गिरणी संपाच्या दिवसांत, बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना याचा रोखठोक जाब विचारला. त्याच साली बाळंतिणींच्या रजा-भत्त्याच्या विधेयकाला कायदेमंडळात पाठिंबा दिला. १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला, १९३७ मध्ये खोती मोडण्याचे विधेयक मांडले.

१९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. सरकार, मालक आणि कामगार यांना त्यांनी एका टेबलाशी बसवले. पुढे १९४६ च्या कायद्याने कारखान्यातले आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले.

मालकाची दया आज असते, उद्या नसते. कायद्याने मिळालेला हक्क टिकतो, आणि समोरासमोर बसले की विश्वास वाढतो. आपणही विहाराचा हिशोब सर्वांपुढे वाचूया, आयाबहिणींना कमिटीत मानाने बसवूया, गड्याची मजुरी वेळेवर देऊया. हेच बाबासाहेबांना खरे अभिवादन. जय भीम!