विश्लेषण : दिवाळखोर दुकानदार ते पक्ष्यांचा चितारी… ऑडुबॉनच्या नावावरून आजही वाद का?

अमेरिकेतील पक्षी संरक्षणाच्या मोठ्या संस्थांपैकी एक म्हणजे ‘नॅशनल ऑडुबॉन सोसायटी’. मार्च २०२३ मध्ये तिच्या संचालक मंडळाने संस्थेचे नाव कायम ठेवण्याचा निर्णय घेतला, तेव्हा तीन संचालकांनी राजीनामे दिले. सिअॅटल, शिकागो आणि न्यूयॉर्क शहरातील स्थानिक संघटनांनी तर ‘ऑडुबॉन’ हा शब्द आपल्या पाटीवरून काढूनच टाकला. ज्याच्यावरून हा वाद पेटला, तो चित्रकार १८५१ मध्येच मरण पावला. चित्रकलेचे रीतसर शिक्षण न घेतलेल्या या माणसाने केलेले काम जितके थक्क करणारे आहे, तितकेच त्याचे आयुष्य अडचणीत टाकणारे.

ऑडुबॉन नेमका कुठला?

जॉन जेम्स ऑडुबॉनचा जन्म २६ एप्रिल १७८५ चा, आजच्या हैतीमधील ले काय या गावचा. हैती तेव्हा फ्रान्सची वसाहत होती. वडील फ्रेंच दर्यावर्दी, व्यापारी आणि उसाच्या मळ्याचे मालक. आई घरकाम करणारी मुलगी. दोघांचे लग्न झालेले नव्हते. आई काही महिन्यांतच वारली. वडिलांनी मुलाला फ्रान्समध्ये नांतजवळच्या घरी नेले, तिथे त्यांच्या पत्नीने त्याला पोटच्या मुलासारखे वाढवले, लाडावलेही. शाळा बुडवून रानात भटकायचे, घरटी आणि अंडी गोळा करायची, पक्ष्यांची चित्रे काढायची हा त्याचा उद्योग. नेपोलियनच्या सैन्यभरतीतून मुलाला वाचवण्यासाठी वडिलांनी १८०३ मध्ये त्याला अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील आपल्या जमिनीवर धाडले.

आपल्या जन्माची गोष्ट तो आयुष्यभर बदलून सांगत राहिला. नामवंत फ्रेंच चित्रकार जाक-लुई दाविद याच्याकडे शिकल्याचाही तो दावा करी. त्याला कसलाही पुरावा नाही. खरे तर स्वतःच शिकलो, एवढेच सांगितले असते तरी त्याचा मान वाढलाच असता.

मग तो शिकला कसा?

चुका करत. त्याची सुरुवातीची चित्रे त्या काळच्या पद्धतीचीच आहेत : फांदीवर एका बाजूने दिसणारा ताठ, पेंढा भरल्यासारखा पक्षी. हा मेलेपणा त्याला खटकत होता. मारलेला पक्षी दोऱ्याने टांगून पाहिला, पण हालचाल पकडता येईना. शेवटी त्याला तारेची युक्ती सापडली. नुकताच मारलेला पक्षी लाकडी फळीवर तारा खुपसून हव्या त्या पवित्र्यात बसवायचा : पंख पसरलेले, मान वळवलेली, चोच उघडी. फळीवर चौकटी आखायच्या, तशाच कागदावर आखायच्या आणि चौकटीगणिक आकार उतरवायचा. पिसांचे रंग मृत्यूनंतर लवकर फिके पडतात, म्हणून घाई करावी लागे. जलरंग, खडू आणि पेन्सिल तो एकाच चित्रात वापरी. कुठला माध्यमधर्म पाळायचा, हे त्याला कुणी शिकवलेलेच नव्हते. तैलरंगाचे थोडेफार धडे त्याने पुढे पस्तिशी उलटल्यावर घेतले.

प्रत्येक पक्षी खऱ्या आकाराचा काढायचा, हा त्याचा हट्ट होता. त्यासाठी सुमारे एक मीटर उंचीचा कागद लागे. फ्लेमिंगो, म्हणजे आपला रोहित, त्यातही मावेना. म्हणून त्याची मान खाली वाकवली. आज हीच चित्रे मोबाइलवर पाहताना त्या वाकलेल्या मानेमागचे कारण कळत नाही, कारण पडद्यावर टर्की आणि चिमणी सारख्याच आकाराच्या दिसतात.

दुकान का बुडाले?

१८०८ मध्ये त्याने शेजारच्या इंग्रज कुटुंबातील लुसी बेकवेलशी लग्न केले आणि केंटकीत दुकान थाटले. काही काळ धंदा बरा चालला. मग मेहुण्याच्या भागीदारीत वाफेवरची गिरणी काढली आणि ती दोघांनाही झेपली नाही. इंग्रज कवी जॉन कीट्सचा भाऊ जॉर्ज यानेही ऑडुबॉनबरोबरच्या बोटीच्या व्यवहारात पैसे गमावले. १८१९ च्या मंदीत सगळेच कोसळले. कर्जापायी ऑडुबॉनला तुरुंगात जावे लागले आणि दिवाळखोरी जाहीर करून तो सुटला. दोन मुली तान्हेपणीच गेल्या होत्या, दोन मुलगे लहान होते. खडूने लोकांची व्यक्तिचित्रे काढून तो पोट भरू लागला.

वयाच्या पस्तिशीत, १८२० च्या ऑक्टोबरमध्ये, त्याने अमेरिकेतील सगळे पक्षी चितारायचे ठरवले आणि बोटीने मिसिसिपीच्या दिशेने निघाला. सोबत जोसेफ मेसन हा पोरसवदा शिष्य होता. पुढच्या अनेक चित्रांतील झाडे-फुले या मेसनची आहेत. छापील चित्रांवर त्याचे नाव नाही. या सर्व वर्षांत लुसीने लुइझियानातील मळेवाल्यांच्या मुली शिकवून घर चालवले. नवऱ्याच्या इंग्लंडवारीच्या खर्चालाही तिच्या कमाईचा हातभार लागला. ऑडुबॉनच्या कर्तबगारीत तिचा वाटा किती, हे सांगायला वेगळा लेख लागेल.

इंग्लंडने त्याला कसे उचलून धरले?

१८२४ मध्ये फिलाडेल्फियात त्याला प्रकाशक मिळाला नाही. तिथले विद्वान दिवंगत पक्षीतज्ज्ञ अलेक्झांडर विल्सनचे पाठीराखे होते. १८२६ मध्ये तो चित्रांची बाडे घेऊन लिव्हरपूलला उतरला. लांब केस, रानातले कपडे, शिकारीच्या गोष्टी अशा अवताराची तिथे किंमत आहे हे ओळखून त्याने तो मुद्दाम जपला. एडिंबरातील त्याच्या व्याख्यानाच्या श्रोत्यांत १७ वर्षांचा विद्यार्थी चार्ल्स डार्विनही होता. टर्की व्हल्चर या गिधाडाला वासाने अन्न सापडत नाही, असे ऑडुबॉन ठासून सांगे. ते चूक होते, हे पुढे सिद्ध झाले.

एडिंबरात छपाई सुरू झाली, पण रंग भरणाऱ्या कारागिरांनी संप केला. मग लंडनच्या रॉबर्ट हॅवेलने काम घेतले. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापायचे आणि प्रत्येक प्रतीत हाताने रंग भरायचा. पाच-पाच चित्रांचे ८७ संच, एकूण ४३५ चित्रे. १८२७ ते १८३८ अशी बारा वर्षे. ग्राहक आधी मिळवायचे, पैसे हप्त्याने घ्यायचे. ग्राहकांत राजा चौथा जॉर्जही होता. मजकूर मात्र वेगळ्या खंडांत छापला, कारण मजकुरासह पुस्तक काढले तर कायद्याने ठरावीक ग्रंथालयांना फुकट प्रती द्याव्या लागल्या असत्या. ‘बर्ड्‌स ऑफ अमेरिका’च्या दोनशेहून कमी पूर्ण प्रती तयार झाल्या. २०१० मध्ये त्यातली एक लंडनच्या लिलावात ७० लाख पौंडांहून अधिक किमतीला गेली.

मग आक्षेप कशावर?

केंटकीत असताना ऑडुबॉनच्या घरी गुलाम होते. पैशाची तंगी आल्यावर त्याने ते विकले. बोट वल्हवत न्यू ऑर्लीन्सला नेणाऱ्या दोघांना तर बोटीसकट विकले. ब्रिटनने वसाहतींतील गुलामगिरी संपवली, तेव्हा ती घाई झाली असे त्याचे मत होते. टेक्सासच्या रणभूमीवरून त्याने मेक्सिकन सैनिकांच्या कवट्या उचलल्या आणि त्या वंशश्रेष्ठतेचा सिद्धांत मांडणाऱ्या सॅम्युअल मॉर्टनकडे पोहोचवल्या. ‘त्या काळी तसेच होते’ हे उत्तर अपुरे आहे. त्याच काळात गुलामगिरीविरुद्ध लढणारेही होतेच.

विज्ञानातही त्याने गडबड केली. पाहुणा आलेल्या राफिनेस्क या निसर्गतज्ज्ञाला त्याने गंमत म्हणून न-अस्तित्वातल्या माशांची चित्रे दिली आणि त्याने ती खरी समजून प्रसिद्ध केली. ‘बर्ड ऑफ वॉशिंग्टन’ हा ऑडुबॉनचा भलामोठा गरुड तर पुन्हा कधी कुणाला सापडला नाही.

आणि तरीही, १८१३ मध्ये केंटकीच्या आकाशातून पॅसेंजर पिजन या कबुतरांचे थवे तीन दिवस जात राहिले, ते पाहून लिहून ठेवणारा हाच माणूस. त्यातले शेवटचे कबूतर १९१४ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेले. कॅरोलिना पोपट, लॅब्राडोर बदक, ग्रेट ऑक हेही आता त्याच्या चित्रांतच उरले आहेत.

शेवटी काय झाले?

चित्रांची छोटी, स्वस्त आवृत्ती १८४० पासून निघाली आणि प्रथमच हातात पैसा खुळखुळला. न्यूयॉर्कमध्ये नदीकाठी घर झाले. सस्तन प्राण्यांच्या चित्रांसाठी १८४३ मध्ये तो मिझुरी नदीवर गेला. पण दृष्टी गेली, मग स्मृतीही. उरलेले काम मुलांनी पुरे केले. २७ जानेवारी १८५१ रोजी तो गेला.

दोन्ही मुलगेही लुसीच्या आधी वारले. कर्जात बुडालेल्या लुसीने १८६३ मध्ये मूळ जलरंगचित्रे न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीला ४,००० डॉलरला विकली. तांब्याचे बहुतेक पत्रे भंगारात वितळले. उतारवयात ती पुन्हा मुलांना शिकवू लागली. तिच्या विद्यार्थ्यांत जॉर्ज बर्ड ग्रिनेल नावाचा मुलगा होता. त्यानेच १८८६ मध्ये पक्ष्यांच्या शिकारीविरुद्ध पहिली ऑडुबॉन सोसायटी काढली.