अतिया फैजी

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या शहरात बीबीचा मकबरा आणि पाणचक्की पाहायला देशोदेशीचे प्रवासी येतात. अजिंठा-वेरूळची लेणी पाहण्यासाठी जपान, थायलंड अशा आशियाई देशांतूनही लोक येतात. त्यांचा वेगळा पोशाख दिसला की आपण वळून पाहतो. पण आपल्यातलीच एखादी स्त्री परदेशी गेली आणि तिथले लोक तिच्याकडे असेच वळून पाहू लागले, तर तिला काय वाटत असेल? शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईच्या अतिया फैजी यांनी हा अनुभव घेतला.

अतिया यांचा जन्म १ ऑगस्ट १८७७ रोजी तुर्कस्तानातील इस्तंबूल शहरात झाला. त्यांचे वडील हसनअली हे व्यापारी होते. घराणे मात्र मुंबईचे, सुलेमानी बोहरा समाजाचे. १८८७ साली राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष झालेले बद्रुद्दीन तय्यबजी याच कुळातले. या कुळाची मूळ भाषा गुजराती होती. पुढे त्यांनी उर्दू आपलीशी केली. या कुटुंबात एक चांगली रीत होती. घरात एक मोठी वही ठेवलेली असे. तिला ‘अखबार’ म्हणत. घरातले कोणीही तिच्यात रोजच्या घडामोडी लिहीत. मुली आणि बायकासुद्धा लिहीत. लिहिण्याची सवय अतिया यांना अशी घरातच लागली.

अतिया यांना जहरा आणि नाजली या दोन मोठ्या बहिणी होत्या. नाजली यांचा विवाह जंजिऱ्याचे नवाब सिदी अहमद खान यांच्याशी झाला. भर समुद्रातला जंजिरा किल्ला तुम्ही चित्रात पाहिला असेल. त्यासमोरच्या किनाऱ्यावर कोकणातले मुरूड गाव आहे. तेथे बहिणीकडे अतिया यांचे जाणे-येणे असे.

त्या काळी अनेक मुस्लिम घरांतील मुली पडद्याबाहेर येत नसत. शाळा शिकणे दूरच राहिले. मुली शिकायच्या, तर त्यांना शिकवायला चांगल्या शिक्षिका हव्यात. हे शिक्षण घेण्यासाठी १९०६ साली अतिया सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला निघाल्या. मुंबईहून जहाजाने, सुवेझ कालव्यातून हा प्रवास होता. लंडनमध्ये मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी नाव घातले. आज आपले शिक्षक बी.एड. करतात, तसेच ते शिक्षण होते.

आता खरा प्रश्न उभा राहिला. परक्या देशात कसे राहायचे? तिथल्या बायकांसारखा झगा घालावा, की आपला वेष ठेवावा? अतिया यांनी आपला हिंदुस्थानी पोशाख सोडला नाही. चेहरा झाकणारा बुरखा त्या वापरत नसत, पण डोके झाकत. आपल्याकडच्या काही लोकांना त्या फार मोकळ्या वाटत. इंग्रजांना त्याच स्त्रीचा वेष नवलाचा वाटे. दोन्हीकडच्या नजरा सोसून त्या वावरत राहिल्या. आनंदीबाई जोशी यांची गोष्ट तुम्हांला ठाऊक असेल. १८८३ साली त्या डॉक्टर होण्यासाठी अमेरिकेला गेल्या. तिथल्या थंडीत त्यांनी नऊवारी सोडून गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली, पण साडी सोडली नाही. काय बदलायचे आणि काय जपायचे, हे या दोघींनीही स्वतः ठरवले.

लंडनहून अतिया आपल्या बहिणींना उर्दूत लिहीत असत. तिथली महाविद्यालये, सभा, बागा, घरे, भेटलेली माणसे, सारे त्या मोकळेपणाने सांगत. जहरा यांनी हे लेखन नीट करून लाहोरच्या ‘तहजीब-ए-निस्वाँ’ या स्त्रियांच्या साप्ताहिकाकडे पाठवले. ज्या वाचक बायकांनी घराचा उंबरठा ओलांडला नव्हता, त्यांनी अतिया यांच्या डोळ्यांनी लंडन पाहिले! १९२१ साली हे लेखन ‘जमाना-ए-तहसील’ या नावाने पुस्तकरूपाने निघाले.

मात्र अतिया यांचे शिक्षण पूर्ण झाले नाही. प्रकृतीमुळे सुमारे वर्षभरातच, १९०७ साली, पदवी न घेता त्यांना परत यावे लागले. पण १९०८ साली त्या नाजली आणि नवाबांबरोबर पुन्हा युरोपला गेल्या. त्या प्रवासात त्यांनी इस्तंबूल ही आपली जन्मभूमीही पाहिली.

१९०७ मध्येच लंडनला त्यांची कवी इक्बाल यांच्याशी ओळख झाली. पुढे दोघांचा पत्रव्यवहार होता. म्हणून आजही पुष्कळ लोक अतिया यांचे नाव केवळ इक्बालांच्या संदर्भात घेतात. हे बरोबर आहे का? स्वतःच्या पायांनी जग पाहिलेल्या, स्वतःच्या लेखणीने ते लिहिलेल्या स्त्रीची ओळख दुसऱ्याच्या नावाने का व्हावी?

१९१२ साली त्यांनी पुण्यात जन्मलेले चित्रकार सॅम्युएल रहमीन यांच्याशी विवाह केला. ते बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाचे होते. त्यांनी इस्लाम स्वीकारला. एवढेच नव्हे, तर पत्नीचे आडनाव आपल्या नावात जोडून ते फैजी-रहमीन झाले. त्या काळात ही किती वेगळी गोष्ट होती! १९१४ साली अतिया यांचे हिंदुस्थानी संगीतावरचे इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. आपले राग परदेशी वाचकांना समजावेत, म्हणून त्यांनी ते लिहिले.

फाळणीनंतर, १९४८ साली, हे दांपत्य कराचीला गेले. तिथे उतारवयात त्यांच्यावर घर सोडण्याची वेळ आली आणि शेवटचे दिवस हलाखीत गेले. १९६४ साली पती वारले. १९६७ च्या जानेवारीत अतिया यांनीही या जगाचा निरोप घेतला.

मित्रांनो, अतिया यांची घराण्याची भाषा गुजराती, लिहिण्याची उर्दू, बहिणीचे घर मराठी मुलखात आणि जन्म तुर्कस्तानात. यांतले काहीही त्यांनी लपवले नाही, आणि नवे शिकायलाही त्या कधी लाजल्या नाहीत. तुम्हीही घरी एक भाषा बोलता, शाळेत उर्दूत शिकता आणि हा पाठ मराठीत वाचता. यामुळे तुम्ही गरीब होता की श्रीमंत? पुढच्या वेळी मकबऱ्यावर एखादी परदेशी पाहुणी दिसली, तर नुसते टक लावून पाहू नका. तिला सलाम करा, तिच्या देशाचे नाव विचारा. तीही कदाचित घरी बहिणीला पत्र लिहीत असेल आणि त्यात तुमच्याविषयी चार चांगले शब्द असतील.