बाटलीतले नेचे

सेनापती, सम्राट आणि मुत्सद्दी यांच्या चरित्रांनी आपल्या ग्रंथालयाची कपाटे भरलेली आहेत. मी ज्यांच्याविषयी लिहिणार आहे ते डॉ. नथॅनियल बॅगशॉ वॉर्ड हे लंडनच्या गोदीजवळ दवाखाना चालवणारे एक डॉक्टर होते. बागकामाची हौस असणाऱ्यांना त्यांच्या नावाची काचेची पेटी माहीत असते. वनस्पतिशास्त्र हा माझा विषय नव्हे, मी मराठी घेऊन बी. ए. करणारी, पण या माणसाने मला पुरते गुंतवले.

त्यांचा जन्म १७९१ साली लंडनमध्ये झाला. वडीलही डॉक्टरच. तेराव्या वर्षी ते जमैकाला गेले आणि तिथले ताडमाड व नेचे पाहून वेडावले. पुढे वडिलांचा व्यवसाय हाती आला, पण रानाची ओढ काही सुटली नाही. राहते घर वेलक्लोज स्क्वेअरमध्ये, गोदीच्या गजबजाटात. चहूकडे दगडी कोळशाचा धूर. परसात दगड रचून, त्यावर नळीतून पाणी ठिबकत ठेवून त्यांनी नेचे लावले. ते काजळीने एकामागून एक मेले. इंग्लंडच्या रानात बर्फ सोसणारी ही काटक जात, पण लंडनची हवा तिला सोसेना!

१८२९ साली त्यांनी एका पतंगाचा कोश ओलसर मातीत पुरून काचेच्या बाटलीत ठेवला व वर झाकण घातले. पतंग कसा बाहेर येतो ते त्यांना पाहायचे होते. काही दिवसांनी मातीतून एक गवताचे पाते आणि एक नेचा उगवला. परसात जो जगला नाही तोच हा नेचा! दुपारी मातीतली वाफ वर चढे, काचेवर थेंब होऊन पुन्हा मातीत उतरे. पाणी घालावे लागले नाही, आणि काजळी आत आली नाही. अभ्यासिकेच्या खिडकीबाहेर ती बाटली जवळजवळ चार वर्षे हिरवी राहिली. शेवटी डॉक्टर परगावी असताना झाकण गंजले, पावसाचे पाणी आत शिरले आणि रोपे गेली.

नेचाला फूल नाही, बी नाही. पानाच्या पाठीवर तपकिरी ठिपके येतात, त्यांतून धुळीसारखी बीजुके झडतात. ती रुजली की आधी नखाएवढी, बदामाच्या आकाराची हिरवी पापडी तयार होते. पापडीवर पाण्याचा पातळ थर असेल तरच नरपेशी पोहत जाऊन स्त्रीपेशीला मिळते व खरे रोप जन्मते. हे सारे १८५१ पर्यंत हॉफमाइस्टर या जर्मन शास्त्रज्ञाने उलगडून दाखवले. वॉर्ड यांच्या बाटलीत हा ओलावा आयताच मिळाला होता. मी स्वतः विहिरीच्या कठड्यावरच्या नेचाचे पान कागदावर दोन दिवस ठेवून बीजुके जमवली, उकळते पाणी ओतून निववलेल्या मातीवर ती भुरभुरली आणि लोणच्याच्या बरणीला झाकण लावून ती सावलीत ठेवली. दीड महिन्याने पापड्या दिसल्या. घाई करणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

असो. १८३३ साली वॉर्ड यांनी नेचे व गवत भरलेल्या दोन पेट्या जहाजाने सिडनीला पाठवल्या. सहा महिन्यांच्या प्रवासानंतर रोपे ताजी होती. त्याच पेट्यांतून ऑस्ट्रेलियाचे नाजूक नेचे लंडनला सुखरूप आले. मग या पेट्यांनी जगभर ये-जा सुरू केली. रॉबर्ट फॉर्च्युन यांनी चीनमधली चहाची रोपे १८५० च्या सुमारास हिमालयाच्या पायथ्याशी आणली ती यांतूनच. हिवतापावरच्या क्विनीनचे झाड सिंकोना १८६१ साली निलगिरीत पोहोचले तेही यांतूनच. मातीबरोबर किडी आणि रोगही देशोदेशी गेले. एका डॉक्टरच्या छंदातून साम्राज्याचे मळे उभे राहिले, याचा हिशेब कसा मांडावा हे मला अजून उमगलेले नाही.

वॉर्ड यांना स्वतःला काय हवे होते? कोंदट खोल्यांत राहणाऱ्या गरिबांच्या खिडकीत थोडे हिरवे असावे, असे त्यांना मनापासून वाटे. १८४२ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी त्याचाही विचार केला. पेटीवर त्यांनी पेटंट घेतले नाही. १८४५ साली काचेवरचा कर उठला, काच स्वस्त झाली. पण पेट्या शिरल्या त्या श्रीमंतांच्या दिवाणखान्यात. नेचे जमवण्याची साथच पसरली. लोकांनी राने ओरबाडली. आयर्लंडमधला किलार्नीचा नेचा तर या हौसेपायी जवळजवळ नाहीसा झाला. घरी बीजुके पेरण्याइतका धीर त्यांच्यापाशी नव्हता, हे मात्र मी बरणीकडे पाहून म्हणू शकते.

१८५२ साली रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. दक्षिण आफ्रिकेतल्या एका मॉसला त्यांच्या नावावरून ‘वॉर्डिया’ म्हणतात. १८६८ साली समुद्रकाठच्या सेंट लिओनार्ड्स येथे ते वारले. त्यांच्या पेट्या मात्र पुढे विसाव्या शतकातही बोटींच्या डेकवरून रोपे वाहत राहिल्या.